केस करायला पैसे आणि पैशांसाठी केस: लग्नाविना केलेला संसार मोडल्यावर

"ताई, त्यानं पैसं द्यावं म्हणून केस करायची. आणि केस करायला पैसं कुठनं आणू?"

कोल्हापुरात, कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात बाकावर शेजारी बसलेल्या एका बाईने मला हे विचारलं, तेव्हा मी नुसतीच मान हलवली. मी वकील नाही. विधी सेवेची स्वयंसेविका आहे. कुठला अर्ज कुठल्या खिडकीत द्यायचा, कुठलं कोर्ट कुठल्या मजल्यावर, आज तारीख आहे की पुढची पडली, एवढं सांगणं हे माझं काम. पण तिचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. मग ओळखीच्या दोन वकिलांना पिडलं, कायद्याची पुस्तकं उघडली, आणि जे कळलं ते तिला जसं सांगितलं तसंच इथे लिहिते आहे.

तिची हकीकत थोडक्यात, ओळख पटू नये इतपत बदलून. शिरोलीच्या एमआयडीसीत त्याचं छोटं जॉबवर्कचं युनिट. ही तिथे हिशेबाला लागली. पुढे दोघं उचगावात भाड्याने घर घेऊन राहिले, सात वर्षं. चलनं, बिलं, कामगारांचा पगार सगळं हीच बघायची; तिचा स्वतःचा पगार मात्र "घरातलंच तर आहे" म्हणून कधीच बंद झाला. लग्न आज करू, उद्या करू. त्याच्या घरचे जातीवर अडून बसलेले. मुलगी झाली, ती आता बालवाडीत जाते. आणि एक दिवस ही माहेरी गेली असताना घराचं कुलूप बदललं गेलं.

आता त्याच्याकडे युनिट आहे, बँकेत पत आहे, वकील आहे. हिच्याकडे करवीर तालुक्यातल्या माहेरच्या घरात एक खोली आहे आणि कागदांनी भरलेली एक प्लास्टिकची पिशवी.

खासबागेत कुस्ती लावताना आधी जोड बघतात. वजन, उंची, तालीम कुठली, मागच्या कुस्त्या कशा झाल्या, हे बघून मगच हलगी वाजते. साठ किलोच्या पोराला शंभर किलोच्या मल्लावर सोडलं तर मैदान ओरडून कुस्ती थांबवेल. कोर्टात जोड कुणी लावत नाही. समोर जो येईल त्याच्याशी लढायचं. म्हणून काही कायद्यांनी एक तोड काढली: लढतीआधी अशक्त बाजूला थोडा खुराक द्यायचा, आणि तोही सशक्त बाजूच्या खिशातून. निकाल लागायच्या आधी, खटला चालू असतानाच, एका पक्षकाराने दुसऱ्याच्या वकील-फीसाठी आणि कोर्टखर्चासाठी रक्कम द्यावी, असा हुकूम. हे पोटगीपेक्षा वेगळं. पोटगी पोटासाठी असते, हा पैसा लढण्यासाठी.

निकालानंतर हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायची तरतूद आपल्याकडे आहेच, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ३५. पण ती शेवटी. शेवटापर्यंत पोचायचं कसं, हाच तर तिचा प्रश्न होता. त्यात मिळणारी रक्कमही बहुतेकदा इतकी किरकोळ असते की वकील ती सांगताना स्वतःच हसतात. "जिंकलो की त्यातनं टक्के घ्या," असं वकिलाला सांगायची सोय तर नाहीच. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी बंदी आहे. त्या बंदीमागे चांगली कारणं आहेत, पण तिचा एक परिणाम असा की ज्याच्याकडे आज रोख नाही त्याला उद्याच्या विजयावर उधार मिळत नाही.

लग्न झालेल्यांसाठी दार उघडं आहे

हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम २४. घटस्फोटाचा वा तसा दावा चालू असताना पत्नी असो की पती, ज्याच्याकडे पोटापुरतं आणि दाव्याच्या आवश्यक खर्चापुरतं स्वतंत्र उत्पन्न नाही, त्याला दुसऱ्याने दरमहा रक्कम आणि दाव्याचा खर्च द्यावा, असा आदेश कोर्ट देऊ शकतं. शक्यतो नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत हा अर्ज निकाली काढावा असंही त्यात आहे. ६० दिवसांचं प्रत्यक्षात काय होतं ते तारखा मोजणाऱ्यांना विचारा. पण निदान "दाव्याचा खर्च" हे शब्द कायद्यात छापलेले आहेत.

शब्द छापलेले असण्याला महत्त्व आहे. कारण त्याच ओळीत "पत्नी" आणि "पती" हेही शब्द आहेत. उचगावच्या भाड्याच्या घरात सात वर्षं राहिलेली बाई त्यांत बसत नाही.

की बसते? कोर्टात पाऊल ठेवण्याआधी हा प्रश्न स्वतःलाच नीट विचारायचा असतो, आणि तो कुणी विचारत नाही. आपल्याकडे लग्नाचे प्रकार किती! कुणी जोतिबाच्या डोंगरावर चार मित्रांसमोर माळा घातलेल्या असतात. कुणाचा समाजाच्या रिवाजाप्रमाणे पाट लागलेला असतो. हॉल नाही, पत्रिका नाही, नोंदणी नाही, म्हणून ती बाई स्वतःच म्हणते, "आमचं लग्न न्हाई झालेलं." पण पोटगीच्या फौजदारी अर्जात सप्तपदीचा फोटो मागत नाहीत. एक पुरुष आणि एक स्त्री दीर्घकाळ नवरा-बायकोसारखे राहिले, तर ते विवाहित असल्याचं कोर्ट गृहीत धरू शकतं. कमला विरुद्ध एम. आर. मोहन कुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं की पोटगीच्या प्रकरणात लग्नाचा काटेकोर पुरावा लागत नाही. समोरचा हे गृहीतक खोडू शकतो, ती वेगळी गोष्ट.

दुसरी तऱ्हा फसवणुकीची. लग्न रीतसर झालं, पण त्याची पहिली बायको जिवंत आहे हे नंतर कळलं. बादशाह विरुद्ध उर्मिला बादशाह गोडसे हा २०१३ चा निकाल आपल्या महाराष्ट्रातलाच. पहिलं लग्न लपवून दुसरं करणाऱ्याला "ती माझी कायदेशीर बायकोच नाही" असं म्हणून पोटगी टाळता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुखदेव सिंग विरुद्ध सुखबीर कौर या प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी स्पष्ट केलं की लग्न कायद्याने शून्य ठरलं तरी कलम २४ खाली अंतरिम पोटगी आणि कलम २५ खाली कायमची पोटगी मिळू शकते. म्हणजे मोडकं का होईना, लग्न असेल तर दाव्याच्या खर्चाचं दार बंद होत नाही.

आमच्या बाईचं यातलं काहीच नव्हतं. माळा नाहीत, पाट नाही. शेजाऱ्यांना दोघं नवरा-बायको वाटायचे, एवढंच.

घरगुती हिंसाचाराचा कायदा

ह्याच शहरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला होता. देशाला तसा सर्वसमावेशक दिवाणी कायदा मिळायला २००५ साल उजाडलं. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या त्या कायद्याने पहिल्यांदाच लग्नाबाहेरच्या सहजीवनाला नाव दिलं: विवाहाच्या स्वरूपाचं नातं. हिंसा म्हणजे फक्त मारहाण नाही. पैशाची कोंडी करणं, राहत्या घरातून काढणं, हेही त्यात येतं. कुलूप बदलणं त्यात अगदी फिट्ट बसतं.

पण "विवाहाच्या स्वरूपाचं" म्हणजे कसलं? डी. वेलुसामी विरुद्ध डी. पचैअम्माल या २०१० च्या निकालाने चार कसोट्या घातल्या. जोडप्याने समाजात पती-पत्नीसारखं वावरलेलं असावं. दोघं लग्नाच्या वयाचे असावेत. लग्नाला एरवी पात्र असावेत, म्हणजे दोघांपैकी कुणाचं आधीचं लग्न चालू नसावं. आणि स्वेच्छेने बराच काळ एकत्र राहिलेले असावेत. याच निकालात "ठेवलेली बाई" या अर्थाचा इंग्रजी शब्द आला आणि त्यावर तेव्हाच जोरदार आक्षेप घेतला गेला. आपल्याकडच्या चावडीवर तो शब्द अजून सर्रास चालतो, अर्ज घेऊन आलेल्या बाईसमोरही.

२०१३ साली इंद्रा सरमा प्रकरणात कोर्टाने आणखी तपशिलात यादी दिली: किती काळ, घर एकत्र होतं का, पैसा एकत्र होता का, घरकाम कसं वाटलेलं, मुलं, चारचौघांतलं वागणं, दोघांचा हेतू. पण त्या प्रकरणात पुरुष विवाहित आहे हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, म्हणून तिला हा कायदा लागू झाला नाही. मला हा निकाल कठोर वाटतो. अठरा वर्षांचं सहजीवन एका माहितीवर निकालात निघतं. पण तो आहे, आणि अर्ज करण्याआधी तो ठाऊक असलेला बरा.

पिशवीतले कागद इथे कामाला येतात. दोघांच्या नावाचा भाडेकरार, आधारवरचा पत्ता, गॅसचं पुस्तक, दवाखान्यात "पती" म्हणून केलेली त्याची सही, विम्यात वारस म्हणून हिचं नाव, बालवाडीच्या प्रवेशअर्जावर बापाचं नाव. व्हॉट्सअपवरचे संदेश तर असतातच, पण एक साधी घरपोच सिलिंडरची पावती कधी कधी पन्नास संदेशांपेक्षा जड पडते.

आता मुद्द्यावर. ह्या कायद्यात दाव्याच्या खर्चाचं काय? कलम २० मध्ये आर्थिक मदतीची यादी आहे: बुडालेली कमाई, दवाखान्याचा खर्च, मालमत्तेचं नुकसान, पोटगी. दाव्याचा खर्च तिथे शब्दशः नाही. पण ती यादी संपूर्ण नाही, "यांत येऊ शकेल, पण एवढ्यापुरतंच नाही" अशा अर्थाची शब्दरचना आहे, आणि नियमांसोबतच्या अर्जाच्या नमुन्यात "इतर कोणताही खर्च" असा रकाना आहे. चांगला वकील तो रकाना रिकामा सोडत नाही. कलम २३ खाली अंतरिम आदेश मागता येतो, तोही गरज असेल तर समोरच्याला न ऐकता. त्यात प्रकरणाच्या खर्चाची एकरकमी मागणी वेगळ्या परिच्छेदात मांडायची. ती मिळेलच असं नाही. कायद्यात छापलेला शब्द नसला की सगळं न्यायाधीशांच्या विवेकावर जातं, आणि विवेकाचा वापर टेबलागणिक वेगळा असतो.

मुलीच्या नावाने अर्ज

आणि मग एका वकिलांनी मला सहज म्हणून विचारलं, "पोरगी आहे ना? मग पोरीचा अर्ज कुठाय?"

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं, ते पोटगीचं सर्वांना माहीत असलेलं कलम. बायको या शब्दावर तिथेही अडतं. यमुनाबाई आढाव यांच्या १९८८ च्या प्रकरणापासून "बायको म्हणजे कायदेशीर बायको" ही ओळ चालत आली. चनमुनिया प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालयानेच ती सैल करावी असं मत मांडून प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. म्हणजे लग्न न झालेल्या जोडीदारासाठी हे कलम निसरडं आहे. २०१८ साली ललिता टोप्पो प्रकरणात कोर्टाने म्हटलं, या कलमाखाली जमत नसेल तर हिंसाचाराच्या कायद्याखाली या, तिथे जास्तच मिळेल.

पण मुलांच्या बाबतीत त्या कलमात कसलाही निसरडेपणा नाही. औरस असो वा अनौरस, स्वतःचं पोट भरू न शकणारं मूल पोटगी मागू शकतं. १८९८ च्या संहितेतही हे होतं. इंग्रजांच्या काळापासून कायद्याला ठाऊक आहे की मुलं लग्नाची वाट बघून जन्माला येत नाहीत. अर्ज कुठल्या जिल्ह्यात करायचा हे सांगणाऱ्या पुढच्या कलमात तर चक्क असं वाक्य आहे की त्या पुरुषाने अनौरस मुलाच्या आईसोबत शेवटचं वास्तव्य जिथे केलं, तिथेही अर्ज चालेल.

आणि २००१ साली या कलमात जी दुरुस्ती झाली, तिने पाचशे रुपयांची मर्यादा काढली आणि एक परंतुक घातलं. अर्ज चालू असताना दंडाधिकारी अंतरिम पोटगी देऊ शकतात "आणि अशा कार्यवाहीचा खर्च". कुणाला? पत्नीला, मुलाला, आई-वडिलांना. इथे ते शब्द छापलेले आहेत. हाही अर्ज शक्यतो नोटिशीपासून ६० दिवसांत निकाली काढायचा. पैसे भरले नाहीत तर दंडासारखी वसुली, वॉरंट, आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद. ही कैद दाव्याच्या खर्चाच्या थकबाकीलाही लागू.

म्हणजे गंमत बघा. सात वर्षं संसार केलेल्या बाईला स्वतःच्या नावाने "मला लढायला पैसे द्या" म्हणायला पक्कं कलम नाही. तिच्या चार वर्षांच्या मुलीला आहे. मुलीच्या वतीने अर्ज आईच करणार, वकील आईच गाठणार, तारखांना आईच उभी राहणार. खर्च कागदावर मुलीच्या अर्जाचा. तो आईच्या हिंसाचाराच्या अर्जासाठी नाही, हे खरं, आणि कोर्टापुढे दोन्हींची सरमिसळ करू नये. पण उत्पन्नाचं शपथपत्र, बँकेचे उतारे, युनिटची बिलं, हे पुरावे दोन्हीकडे तेच असतात. एकदा जमवले की जमले.

बाप "पोरगी माझी नाहीच" म्हणाला तर? कोल्हापुरात काय, कुठेही हे पहिलं उत्तर असतं. लग्नातलं मूल नवऱ्याचंच, असं कायदा गृहीत धरतो; इथे ते गृहीतक नाही. मग जन्मदाखला, दवाखान्याचे कागद, आणि शेवटी डीएनए चाचणी. कोर्ट ती सरसकट देत नाही. पण दिली आणि त्याने नकार दिला, तर त्या नकारावरून कोर्ट त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं. या चाचणीचा खर्च कुणी करायचा, हा प्रश्नही कार्यवाहीच्या खर्चातच मांडायचा असतो.

हा वळसा आपणच घेतो असं नाही, हे वाचताना मला जरा मजा वाटली. इंग्लंडमध्ये २०१३ पासून विवाहितांसाठी खटला चालू असताना वकिलाच्या खर्चाचा आदेश थेट कायद्यात आहे. अविवाहित जोडीदारांसाठी नाही. तिथल्या कोर्टांनी काय केलं? १९८९ च्या मुलांच्या कायद्यातल्या पहिल्या परिशिष्टाचा आधार घेतला. मुलासाठी आर्थिक तरतूद मागणाऱ्या आईला नीट वकील मिळणं हे मुलाच्याच हिताचं, म्हणून श्रीमंत बापाने आईच्या वकिलाचा खर्च द्यावा. पण मूल नसेल, नुसता घराच्या मालकीचा वाद असेल, तर हे दार तिथेही बंद. कॅनडात क्यूबेक प्रांतात लग्न न करता राहणाऱ्यांना एकमेकांकडून पोटगी नाही, आणि २०१३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा भेद कायम ठेवला. मुलाच्या पोटगीच्या अर्जात मात्र खटल्याच्या खर्चाची आगाऊ तरतूद मागता येते. त्याच देशात ब्रिटिश कोलंबिया प्रांताने सरळ रस्ता धरला: दोन वर्षं लग्नासारखं एकत्र राहिलात की मालमत्तेच्या वाटणीसाठी जोडीदार म्हणून धरणार, आणि वाद चालवायला पैसे नसतील तर सामाईक मालमत्तेतला हिस्सा कोर्ट आधीच मोकळा करून देऊ शकतं. ऑस्ट्रेलियानेही २००९ पासून बहुतेक भागांत अविवाहित जोडीदारांचे मालमत्तेचे वाद कौटुंबिक कायद्याखाली घेतले. मला ब्रिटिश कोलंबियाची रीत सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण तिथे बाईला स्वतःच्या कष्टाचा पैसा मुलीच्या नावाआडून मागावा लागत नाही.

मागायचं कसं

कोर्ट कुठलंही असो, आगाऊ खर्च देताना तीनच गोष्टी बघितल्या जातात. हिच्याकडे खरंच नाही का? त्याच्याकडे खरंच आहे का? आणि प्रकरणात प्रथमदर्शनी काही दम आहे का? पहिल्या दोहोंसाठी रजनीश विरुद्ध नेहा हा ४ नोव्हेंबर २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हाताशी हवा. तोही महाराष्ट्रातून, नागपूरहून गेलेला. त्याने पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र देणं सक्तीचं केलं, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असं सांगितलं, आणि रक्कम ठरवताना बघायच्या गोष्टींत न कमावणाऱ्या पत्नीच्या खटल्याचा वाजवी खर्च हाही मोजला. हिंसाचाराच्या कायद्याखालच्या पोटगीलाही ही शपथपत्रं लागू आहेत.

शपथपत्राचा नमुना लांबलचक आहे आणि बायका तो बघून घाबरतात. घाबरायला त्याने पाहिजे. युनिटची उलाढाल, कर्जं, गाड्या, सोनं, सगळं शपथेवर लिहायचं असतं, आणि खोटं लिहिलं तर ते अंगाशी येतं. हिशेब जिने सात वर्षं ठेवले, तिला कुठली बिलं कुठल्या नावाने फाडली जातात हे त्याच्या वकिलापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

आणि खर्च आकड्यांत मांडायचा. "योग्य तो खर्च मिळावा" असं एक वाक्य टाकून दिलं, तर मिळणारी रक्कमही एका वाक्याच्याच लायकीची असते. वकिलाची फी, टायपिंग, नोटरी, नकलांची फी, येण्याजाण्याचं भाडं, तारखेच्या दिवशी बुडणारी मजुरी, मुलीला सांभाळायला कुणाला ठेवावं लागलं तर ते. प्रत्येकासमोर आकडा, जमेल तिथे पावती.

यातलं काही होईपर्यंत काय, तर मोफत विधी सेवा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. उत्पन्नाचा दाखला मागणाऱ्याला हे कलम दाखवा. लग्न झालंय की नाही हा प्रश्नच तिथे येत नाही. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आणि १५१०० हा देशभरचा क्रमांक आहे. पॅनेलवरचे वकील कसे असतात असं सगळेच दबक्या आवाजात विचारतात. काही उत्तम, काही तारीख घेणारे. खाजगीतही हेच प्रमाण आहे, फक्त तिथे पैसे मोजलेले असतात. शिवाय राज्य सरकारच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, हिंसाचार, घटस्फोट यांसारख्या प्रकरणांत महिला पक्षकारांना कोर्ट फी माफ केली आहे. अजूनही कुणी कुणी फीचे पैसे आधी मागतं. पावती मागा, मागणी आपोआप विरघळते.

एक खर्च मात्र कोल्हापूरकरांचा खरोखर कमी झाला. पूर्वी प्रकरण हायकोर्टात गेलं की महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर मुंबई, तिथे दिवस, परत रात्र. सधन पक्ष मुद्दाम अपील करायचा, कारण दुसरी बाजू दोन खेपांत थकते. चाळीसेक वर्षांच्या मागणीनंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत बसतं; कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. ह्या बेंचबद्दल खूप भाषणं झाली. मला तिथे पहिल्या आठवड्यात पायरीवर डबा खाणाऱ्या दोन बायका आठवतात, ज्या संध्याकाळी आपापल्या घरी पोचणार होत्या.

जे या सगळ्यातून सुटतं तेही सांगते. दोघांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटचा किंवा धंद्यातल्या हिश्शाचा वाद हा साधा दिवाणी दावा. तिथे जोडीदाराने आगाऊ खर्च द्यावा अशी तरतूद नाही. निर्धन म्हणून कोर्ट फीविना दावा दाखल करता येतो, इतकंच. लग्नाविना राहिलेल्या पुरुषाकडे काही नसेल आणि बाईकडे असेल, तर कलम २४ त्याला नाही, हिंसाचाराचा कायदा तर स्त्रीसाठीच. दोन बायका किंवा दोन पुरुष एकत्र राहून वेगळे झाले, तर त्यांच्यासाठी या कलमांत शोधूनही शब्द सापडत नाही. आणि ज्या बाईला मूल नाही, तिला हिंसाचाराच्या अर्जातल्या त्या "इतर खर्च" रकान्यावरच भिस्त ठेवावी लागते.

आमच्या बाईला विधी सेवेतून वकील मिळाल्या. दोन अर्ज झाले, एक तिचा आणि एक मुलीचा. हिंसाचाराचा अर्ज ती जिथे राहते तिथल्या कोर्टात चालतो, आणि माहेर करवीर तालुक्यातलंच, म्हणून तिच्या अर्जासाठी दंडाधिकाऱ्यांचं कोर्ट कोल्हापूरचंच. पोटगीचे अर्ज मात्र शहरात कौटुंबिक न्यायालय असल्यामुळे तिकडे जातात. दोन कोर्टं, दोन तारखा, आणि एका ठिकाणी काही मिळालं तर दुसरीकडे ते न लपवता सांगायचं, हेही रजनीश निकालातलंच.

शपथपत्राचा कच्चा खर्डा भरायला ती माझ्याशेजारी बसली. घरभाडं नाही, दूध इतकं, बालवाडीची फी इतकी. येण्याजाण्याच्या रकान्यापाशी थांबली. मी म्हटलं, एका खेपेचं भाडं गुणिले दोन, गुणिले महिन्यातल्या तारखा, लिही. ती पेन धरून बसली होती.

"ताई, एसटीला बायकांना अर्धंच तिकीट लागतंय. मग अर्धंच लिहू न्हवं?"

"अर्धंच लिही," मी म्हटलं. तिने लिहिलं, आणि शेजारी कंसात, बारीक अक्षरात, "पोरगीचं तिकीट न्हाई."